एसी गार आहे ना, मग झालं!

सेकंडहँड गाडी बघायला गेलं की आपण काय करतो? टायरला पायानं दोन ठोसे मारतो, एसी लावून बघतो, बॉनेट उघडून समजल्यासारखी मान डोलावतो आणि शेवटी विचारतो, "कितीला सोडणार?" दोन वर्षांपूर्वी मीही एवढंच केलं. डिझेल गाडी, सिंगल ओनर, रीडिंग ७१,०००, एसी एकदम गार. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह (झडपा) एका तालात ठेवणारा रबरी पट्टा, कधी बदललाय हे विचारायचं डोक्यातसुद्धा आलं नाही.

गेल्या महिन्यात साताऱ्याहून कोल्हापूरला परत येत होतो. आई, बायको, लेक आणि दोन किलो कंदी पेढे. किणीचा टोलनाका मागं पडला, टोपचा मोठा गणपती दिसायला लागला आणि गाडी ८० च्या स्पीडला असताना पुढून 'टक्' असा आवाज आला. एवढाच. इंजिन बंद, डॅशबोर्डवर सगळे लाल दिवे आणि स्टिअरिंग जात्यासारखं जड. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकला व्हॅक्यूमची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते, मग पेडल दगड होतं. हे ऐकून माहीत होतं, म्हणून ब्रेक पंप न करता एकदाच दाबून धरला आणि गाडी डाव्या कडेला घेतली. चारी इंडिकेटर लावले आणि सगळ्यांना रेलिंगच्या पलीकडं उभं केलं.

इथवर मी शहाणा होतो. पुढं माती खाल्ली.

सेल्फ मारला. नेहमी सेल्फ जरा दम खात फिरतो, त्या दिवशी शिलाई मशीनसारखा मोकळा भिरभिरला. हा आवाज कानात ठेवा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह जागच्या जागी थांबतात, सिलिंडरमध्ये हवा दाबलीच जात नाही (कॉम्प्रेशन धरत नाही), म्हणून सेल्फ असा सुळसुळीत फिरतो. आणि प्रत्येक वेळी खालून येणारा पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतो. हे मला नंतर कळलं. तोवर मी आणखी तीन वेळा किल्ली फिरवली होती.

तेवढ्यात दोन मोटरसायकलींवरून चार पोरं थांबली. "काका, सेकंड टाका, धक्का मारतो." आपल्याकडं मदतीला माणूस कमी पडत नाही, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण प्रत्येक बंद गाडीवर धक्का हाच उतारा, हे आता थांबवा रे बाबांनो. मीही नको म्हटलं नाही. शंभर पावलं ढकलली बिचाऱ्यांनी, आईनं त्यांना पेढे दिले. इंजिनाचं उरलंसुरलं तिथंच गेलं असणार.

१०३३ या हायवे हेल्पलाइनला फोन केला, मग विम्याच्या कागदावरचा नंबर बायकोनं शोधला आणि दीड तासानं क्रेन आली. देशभरातल्या गाड्यांच्या इंजिनांची कास्टिंग्ज ज्या शिरोलीत ओतली जातात, तिच्या दारातून माझी गाडी लोंबकळत गेली.

उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवलं आणि आठ व्हॉल्व्ह पेपरवर ओळीनं मांडले. सहा वाकलेले. पिस्टनच्या माथ्यावर नखाएवढे अर्धगोल ठसे. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग जाम झालेलं, त्यानं बेल्ट खाल्ला होता.

"बेल्ट कधी बदलला हुता?"
"माहीत नाही."
"गाडी घेताना एसी बघितला न्हवं?"

गप्प बसलो. काय बोलणार?

ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांना फोन केला. "आमच्याकडं असताना कधी त्रास दिला नाही हो." खोटं बोलत नव्हते. बेल्ट तुटेपर्यंत बहुतेक वेळा त्रास देतच नाही. म्हणून तर मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही लिहिलेली असतात, जे आधी भरेल तेव्हा बदलायचा. गाडी कमी फिरली म्हणून रबराचं वय थांबत नाही. कमी रीडिंगला आपण भुलतो ते इथंच. काही गाड्यांना बेल्टऐवजी चेन असते, ती गोष्ट वेगळी. पण आपल्या गाडीला काय आहे हे तरी किती जणांना ठाऊक आहे? आणि साध्या विम्यात असलं मेकॅनिकल काम बसत नाही, त्या आशेवर राहू नका.

बिल ४१,००० झालं. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप वेळेत बदलले असते तर ९,००० मध्ये भागलं असतं. मित्र म्हणाले, हाफ इंजिन (ब्लॉक-पिस्टनचा खालचा अर्धा भाग) टाक. एकजण म्हणाला, चालू करून घे आणि गुपचूप विकून टाक. याच 'गुपचूप'वर माझा खरा राग आहे. मला गाडी विकणाऱ्याला माहीत नव्हतं, पण मला आता माहीत आहे.

तुटलेला बेल्ट डिकीत ठेवलाय. कधी गाडी विकायची वेळ आली तर बिलांसोबत तोही दाखवणार.

बायको म्हणते, "मग घेणार कोण?"