स्पेशलायझेशन निवडण्याची खात्रीशीर पद्धत

बीबीएचा, म्हणजे व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीचा, स्पेशलायझेशनचा (खास विषय निवडायचा) फॉर्म सोमवारी पाचच्या आत भरायचा असतो, आणि नोटीस ग्रुपवर पडते शनिवारी रात्री. तेव्हा विचारबिचार करत बसू नका. खालची पद्धत सांगली-मिरजेत घरोघरी वापरात आहे.

अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडू नका.

मित्रानं घेतलंय तेच घ्या, गाडीचं पेट्रोल वाचतं.

मार्केटिंग म्हणजे गोड बोलणं. सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. तरी यार्डातून पोत्यानं गेलेली हळद पाकिटात भलत्याच नावानं का परत येते, हे वर्गात विचारू नका. 'फोर पी' (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) लिहून घ्या.

फायनान्स हुशारांसाठी. तासगावात उन्हाळ्यात तयार झालेला बेदाणा कोल्ड स्टोरेजला जातो, दिवाळीच्या भावाची वाट बघतो, तोवर भाडं आणि व्याज चढतं. या मालात अडकून पडलेल्या पैशालाच वर्किंग कॅपिटल म्हणतात. पण ते चुलत्याला विचारायचं नाही, पुण्याच्या क्लासला पैसे भरून शिकायचं.

मुलीला मात्र एचआरच, म्हणजे कामगार-कर्मचाऱ्यांचं खातंच द्या. ऊन नाही, फिरणं नाही, गणित नाही. गणित नाही म्हणे! कुपवाडच्या कारखान्यात पहिल्याच महिन्यात पगारपत्रक पुढ्यात येतं. पीएफ कामगाराचा 12 टक्के, मालकाचा 12. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, महिना 21,000 पर्यंतच्या पगाराला, कामगाराकडून 0.75 टक्के, मालकाकडून 3.25. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, काढताना शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 26. महिन्याचे तीस दिवस नव्हे, कामाचे 26! वीस हजारावर 10 वर्षांचे 1,15,385 रुपये होतात. तीसनं भागलंत की एक लाखच, म्हणजे म्हातारा कामगार पंधरा हजारांना बुडाला. आणि हे सगळं त्या पोरीनं निस्तरायचं, जिला 'तुला झेपेल' म्हणून ढकललं होतं.

आणि कॉलेजवाले! फ्लेक्सवर ॲग्री बिझनेस, ॲनालिटिक्स धरून पाच नावं छापता, फॉर्मवर पाच चौकोन ठेवता, आणि महिन्यानं सांगता की 'बॅच होत नाही, मार्केटिंगला बसा'. दोनच चालवायची होती, तर दोनच छापायची. फी तर पूर्ण घेता.

पालकांनो, तुम्हीही कमी नाही. फ्लेक्ससमोर फोटो काढण्याऐवजी ऑफिसात जा. गेल्या वर्षी कुठली बॅच खरोखर चालली? शिकवायला कोण, कायम की तासिका तत्त्वावर? लेखी मागा. आणि मुलीच्या फॉर्मवर स्वतःच्या पेनानं टिक करणं बंद करा.