‘मागचा तर नुसता उभा असतो’ म्हणे!

आमच्या फॅमिली ग्रुपवर दाजींनी एक रील टाकलं, पेट शॉप बॉइज या ब्रिटिश सिंथपॉप (सिंथ म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, त्यावर केलेलं पॉप) जोडीवर. एकदम सनसनाटी आवाजात सांगितलंय की एक जण गातो, दुसरा टोपी घालून मागे नुसता उभा राहतो आणि निम्मे पैसे घेतो, एका रात्रीत नशिबानं वर आले, गाणी ढापलेली, दोघं खरं तर नवरा-नवरा, प्राणीवाल्यांनी त्यांना नाव बदलायला लावलं आणि ऐंशीचं दशक संपलं तसे हेही संपले. त्याखाली दाजींचा मेसेज, माझ्या भाचीसाठी, जी लॅपटॉपवर ट्रॅक बनवते: "बघ, बटणं दाबणाऱ्यांचं शेवटी हे असं होतं." पोरगी काही बोलली नाही, मला मात्र राहवलं नाही.

आधी त्या मागे उभं राहणाऱ्याचंच घेऊ, कारण दाजींना तेच फार आवडलेलं दिसतंय. त्याचं नाव क्रिस लो. गातो तो नील टेनंट. 1986 च्या ‘प्लीज’ या पहिल्या अल्बमपासून पुढचा कुठलाही उचला आणि गीतकार-संगीतकार म्हणून कोणाची नावं आहेत ते वाचा, जवळजवळ प्रत्येक स्वतःच्या गाण्यावर टेनंट आणि लो, दोघं. ‘इट्स अ सिन’ घ्या. लो कीबोर्डवर काहीतरी वाजवत होता, टेनंटला ते चर्चमधल्यासारखं वाटलं, त्यावरून त्याला न्यूकॅसलची आपली कॅथलिक शाळा आठवली आणि सगळे शब्द त्यातून आले. म्हणजे मागचा वाजवत नसता तर पुढच्याला गायला काही नव्हतंच. लग्नात आचारी पंगतीत वाढायला येत नाही म्हणून जेवण आपोआप शिजलं असं कोणी म्हणतं का?

आणि रीलमध्ये जी क्लिप दाखवलीये ना, ती टीव्हीवरची आहे. त्या काळात बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर बहुतेक बँड मागे रेकॉर्ड लावून नुसतं गायचं-वाजवायचं नाटक करायचे, गिटारवाले, ड्रमवाले सगळेच. फरक एवढाच की बाकीचे घाम गाळल्याचा अभिनय करायचे आणि लो तो करायचा नाही. न हसणं, न हलणं हे त्यांनी ठरवून केलेलं होतं. टेनंट आधी ‘स्मॅश हिट्स’ या पॉप मासिकात नोकरीला होता, पॉपस्टार लोकांच्या सगळ्या पोझेस त्यानं जवळून पाहिल्या होत्या, आपल्याला काय करायचं नाही हे त्याला चांगलं माहीत होतं. आणि लोचा आवाज ऐकायचाच असेल तर 1986 चं ‘पानिनारो’ लावा, त्यात तोच आहे.

एका रात्रीत म्हणे. हे दोघं भेटले ऑगस्ट 1981 मध्ये, लंडनच्या किंग्ज रोडवर एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात. टेनंट आपल्या सिंथच्या वायरीच्या कामासाठी तिथे गेला होता, लो तेव्हा आर्किटेक्चर शिकत होता. 1983 मध्ये टेनंट द पोलिस या बँडच्या मुलाखतीसाठी न्यूयॉर्कला गेला, तिथे बॉबी ऑर्लँडो या निर्मात्याला गाठलं, त्याच्यासोबत ‘वेस्ट एंड गर्ल्स’ रेकॉर्ड केलं, 1984 मध्ये ते आलं, अमेरिकेतल्या काही क्लबांत वाजलं, आणि ब्रिटनमध्ये कोणी विचारलं नाही. मग पार्लोफोन ही रेकॉर्ड कंपनी मिळाली, तिथलं पहिलं गाणं ‘ऑपॉर्च्युनिटीज’ चार्टवर 116 व्या नंबरला! मग स्टीफन हेग या निर्मात्याला घेऊन ‘वेस्ट एंड गर्ल्स’ पुन्हा पहिल्यापासून केलं आणि ते जानेवारी 1986 मध्ये ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं, मे महिन्यात अमेरिकेतही. 1981 ते 1986, ही यांची एक रात्र.

ढापलेली गाणी. ‘ऑल्वेज ऑन माय माइंड’ आणि ‘गो वेस्ट’ ही दुसऱ्यांची गाणी आहेत हे खरं, पण ती उघड कव्हर्स आहेत, मूळ गीतकारांच्या नावासकट, त्याला चोरी म्हणत नाहीत. राहिलं ‘इट्स अ सिन’. जोनाथन किंग या ब्रिटिश पॉपवाल्यानं ‘द सन’ या वर्तमानपत्रात आरोप केला की त्याची चाल कॅट स्टीव्हन्स या गायकाच्या ‘वाइल्ड वर्ल्ड’ची आहे. मग या दोघांनी त्याच्यावरच केस केली, कोर्टाबाहेर नुकसानभरपाई मिळवली आणि ते पैसे चॅरिटीला देऊन टाकले. रीलवाल्यानं आरोप सांगितला आणि पुढचं खाल्लं.

नवरा-नवरा वगैरे: टेनंटनं 1994 मध्ये ‘ॲटिट्यूड’ मासिकात आपण गे असल्याचं स्वतः सांगितलंय, लो खासगी गोष्टींवर बोलत नाही, दोघं एकत्र काम करतात. विषय संपला, आणि असतं तरी दाजींचं काय जात होतं?

आता ‘संपले’. यात थोडं खरं आहे, मान्य करतो. ब्रिटनमध्ये त्यांचं चौथं आणि शेवटचं एक नंबरचं गाणं ‘हार्ट’, 1988. अमेरिकेत टॉप टेनही 1988 नंतर नाही. ज्या काळात हात लावाल त्याचं सोनं होतं त्याला ‘इम्पिरियल फेज’ म्हणायची पद्धतच मुळी टेनंटनं पाडली, स्वतःबद्दल बोलताना, म्हणजे रीलवाल्याच्या कितीतरी आधी त्याला हे कळलेलं होतं. पण ब्रिटनच्या ऑफिशियल चार्ट्सची साइट कोणालाही उघडता येते, उघडा की. त्यांचा एकमेव एक नंबरचा अल्बम ‘व्हेरी’ 1993 चा आहे. टॉप टेन गाणी एकूण 22, त्यातलं एक 2006 मधलं. 2024 चा ‘नन्दलेस’ दोन नंबरला आला. 2022 मध्ये ग्लास्टनबरी या ब्रिटनच्या मोठ्या संगीत महोत्सवात शेवटच्या दिवशी ‘अदर स्टेज’ या मंचावरचा शेवटचा कार्यक्रम यांचाच होता, मागच्यासकट.

नाव बदलायला लावलं हे तर कायच्या काय. 2009 मध्ये पेटा या प्राणी हक्कांच्या संघटनेनं पत्र लिहून ‘पेट शॉप’ म्हणजे प्राणी विकणारं दुकान सोडा, ‘रेस्क्यू शेल्टर बॉइज’ (रेस्क्यू शेल्टर म्हणजे सोडवलेल्या प्राण्यांचा निवारा) असं नाव घ्या अशी विनंती केली होती. त्यांनी नाही म्हणून सांगितलं आणि ते पत्र आपल्या साइटवर लावून टाकलं.