ओढा गायब कसा करायचा: काही घरगुती उपाय

समजा तुम्ही दक्षिण पुण्यात फ्लॅट घेतलाय, कात्रज, धनकवडी, पद्मावती, सहकारनगर असं कुठंतरी, आणि पझेशन मिळाल्यावर मागच्या बाल्कनीतून खाली बघितलं तर चक्क ओढा. घाबरू नका. ह्यावर इलाज आहे आणि तो पुणेकरांच्या तीन पिढ्यांनी करून बघितलाय.

आधी नाव बदला. ओढा म्हटलं की डोंगर आला, उतार आला, काठ आला, काठावर बांधकाम का केलं हा प्रश्न आला. त्यापेक्षा नाला म्हणा. नाला म्हटलं की तो महापालिकेचा होतो आणि आपण मोकळे. मग पाचदहा वर्षांनी हळूच गटार म्हणायला लागा, त्याआधी ड्रेनेज त्यात सोडलेलं असलं की शेजारीपाजारी आपोआप तेच म्हणायला लागतात, आणि एकदा गटार झालं की झाकण टाकायची मागणी तुम्हाला करावीच लागत नाही, वास सुटला की नगरसेवक स्वतः नारळ घेऊन येतो. आपला तर आंबील ओढा, त्यामुळे निम्मं काम नावानेच केलंय. पाणी पांढुरकं, आंबूस आणि फेसाळ दिसलं तर तक्रार काय करणार, नावाला जागतोय बिचारा.

दुसरं म्हणजे इतिहासाचा आधार घ्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एखादे निवृत्त इंजिनीअर काका उठून म्हणणारच की प्रवाह वळवू नका. तेव्हा ठणकावून विचारायचं, पेशव्यांनी वळवला तेव्हा चालला, आम्ही वळवला तर काय बिघडलं? काका गप्प बसतात, कारण मुद्दा खोटा नाहीये. हा ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो आणि पूर्वी पर्वतीवरून थेट गावाच्या अंगाला येऊन आजच्या पेठांमधून मुठेला मिळायचा. तो पश्चिमेला दत्तवाडीकडे वळवला गेला म्हणून तर पेठा ऐसपैस वसल्या.

फक्त "वळवला" एवढं बोलून खाली बसायचं, पुढचं बोलायचं नाही. कारण पुढचं अडचणीचं आहे. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास ह्याच ओढ्यावर कात्रजला तलाव बांधला, तिथून जमिनीखालून दगडी नळ थेट शनिवारवाड्यापर्यंत आणला, पंप नाही मोटार नाही, सगळं पाणी निव्वळ उतारावर, मधेमधे गाळ बसायला आणि हवा खेळायला उच्छ्वास, आणि गावात जागोजाग हौद. शिवाय पर्वतीच्या पायथ्याशी तळं. म्हणजे पाण्याला वाट बदलायला लावली पण आधी त्याला बसायला जागा केली. हे काकांच्या लक्षात आलं तर मीटिंग लांबेल आणि वडापाव गार होतील.

तळ्याचं मात्र जरूर सांगा, ते आपल्या बाजूचं उदाहरण आहे. सवाई माधवरावांनी 1784 मध्ये तिथं गणपती बसवला, चहूबाजूंनी पाणी, म्हणून तो तळ्यातला गणपती. पुढे तळं आटलं, तिथं बाग झाली, आता लोक चपला काढून कोरड्या पायांनी तळ्यातल्या गणपतीला जातात आणि तळं कुठाय असं कुणीही विचारत नाही. सारसबागेबाहेर भेळ खाताना जरा ह्यावर विचार करा. एवढं मोठं तळं जर लोकांच्या डोळ्यांदेखत विसरता येतं तर तुमचा ओढा म्हणजे किस झाड की पत्ती.

आता प्रत्यक्ष काम. राडारोडा एकदम टाकू नये, दिसतो. रात्री अकरानंतर एक टेंपो, आठवड्याने दुसरा, असं करत काठ पुढे सरकवायचा, झाड वगैरे लावायचं म्हणजे पर्यावरण पण झालं. मग सीमाभिंत. भिंतीने ओढ्याला कळतं की तुझी हद्द इथं संपली. वर रस्ता करायचा असेल तर खाली दोन पाइप टाका, डोंगरावरून येणारं पाणी पाइपचा व्यास बघूनच येतं असा आपल्याकडे दाट समज आहे. पूररेषेचं कुणी काढलं तर सांगायचं की निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा, तोवर आपण फ्लॅट विकून बाणेरला. (तो आकडा शक्यतेचा असतो, पूर काही कॅलेंडर बघून येत नाही, लागोपाठ दोन वर्षं पण येऊ शकतो. पण हे कंसातच राहू द्या.)

एवढं सगळं करून सुद्धा 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री ओढा आला. कात्रजचा तलाव आधीच भरलेला, त्यात तासा-दोन तासांत पाऊस धो धो कोसळला आणि पाण्याने पाइप बघितले नाहीत की भिंती बघितल्या नाहीत. अरण्येश्वरला टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. पार्किंगमधल्या गाड्या एकावर एक चढल्या. त्या पावसात पुणे आणि आसपास मिळून वीसच्या वर माणसं गेली. इथे मला विनोद सुचत नाही, तुम्हाला सुचला तर बघा.

त्यानंतर काय करायचं तेही ठरलेलं आहे. ओढा अडवला कुणी ह्याचा शोध घ्यायचा आणि तो नेहमी दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतच लागतो. 2021 च्या जूनमध्ये, पाऊस सुरू, करोना सुरू, तिथं घरं पाडायला जेसीबी पोचले. बायका पोरं भांडीकुंडी घेऊन रस्त्यावर. तुमची सीमाभिंत कायदेशीर दिसेल अशा रंगात रंगवून घेतलेली असेल तर त्या दिवशी तुम्ही निवांत टीव्ही बघू शकता.

आमच्या सोसायटीत पुरानंतर जिन्याच्या भिंतीवर चिखलाची एक रेघ उमटली होती, माझ्या छातीपर्यंत येणारी. पेंटवाल्याने दोनदा प्रायमर मारला तरी ओल धरली की ती परत दिसायची. शेवटी चेअरमन म्हणाले, रंग नकोच, तिथपर्यंत टाइल्सच लावून टाका. गवंड्याने विचारलं, किती फूट घेऊ साहेब? त्यांनी रेघेकडे बघितलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, वर एक टाइल जास्तीची घे.