बोरनहाणाचं काळं झबलं

लेकीच्या बोरनहाणाला मी चिपळुणातून काळं झबलं आणलं होतं, चांदण्यांचं. हलव्याचा मुकुट, बाजूबंद, डोक्यावरून बोरं-चुरमुरे, चार फोटो, संपलं. पुढच्या संक्रांतीला ते तिच्या डोक्यातूनही जाईना. मूल पाचेक महिन्यांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट होतं, वर्षाचं होईतो तिप्पट. कपडा फाटायच्या आधीच आखूड होतो. ते झबलं आळीतल्या एका बाळाला गेलं, तिथून हेदवीला, तिथून आणखी कुठे. आतापर्यंत पाच बोरनहाणं झाली त्याची.

गुहागरात आम्ही आठ-दहा जणी लहान मुलांच्या कपड्यांची अदलाबदल चालवतो, ती या झबल्यापासून सुरू झाली. लोक कौतुकाने 'कपडेदान' म्हणतात आणि मी दरवेळी चिडते.

कारण पहिल्या वर्षी आम्ही खरंच दान केलं होतं. सभागृहात सतरंजी घातली, वर कपड्यांचा ढीग, 'हवं ते घेऊन जा'. बायका आल्या, दारात उभ्या राहिल्या. एकीने तर सांगूनच टाकलं, "वैनी, आमच्या पोरांना अंगावर घालायला हाय." आणि गेली. रात्रभर वाईट वाटलं. आता वाटतं, बरोबर बोलली.

खरं तर हे मला आधीच कळायला हवं होतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली, त्यानंतर मी मदतीला गेले होते. मदतीच्या कपड्यांची गाठोडी सोडत होतो, तर त्यात जरीची शेरवानी, एका बाहीचा कोट. आणि समोर एक बाई तीन वर्षांच्या पोराला कोरडी चड्डी मागत होती. ती काही सापडली नाही. आपण कपाट रिकामं करतो आणि त्याला मदत म्हणतो, असं माझं तेव्हापासून ठाम मत आहे.

अंशू गुप्तांच्या 'गूंज'चं काम वाचून डोक्यात प्रकाश पडला. १९९९ पासूनची संस्था, गुप्तांना २०१५ साली मॅगसेसे मिळालं. त्यांच्याकडे गावकरी विहीर उपसतात, रस्ता करतात आणि त्या श्रमाचा मान म्हणून कपडे घेतात. मग आठवलं, आपल्याकडे बोहारीण येते ती तरी काय करते? जुन्या साड्या घेते, पातेलं देते. त्या पातेल्याला कुणी भीक म्हणत नाही, उलट दोन साड्यांसाठी अर्धा तास घासाघीस चालते!

म्हणून नियम केला: जो देईल त्याने किमान एक कपडा न्यायचाच. डॉक्टरीणबाई असो की कोळीवाड्यातली मावशी. पहिला मी नेला, सगळ्यांदेखत, लेकीसाठी, दुसऱ्या कुणाचा वापरलेला फ्रॉक. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. "कुणाच्या अंगावरचं आपल्या पोरीला?" तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचं पहिलं अंगडं माझ्या भाच्याचंच होतं हो." नव्या बाळाला आधी जुनं मऊ कापडच घालायचं, ही रीत आपलीच की!

दुसरं म्हणजे ढीग बंद. आता नारळाच्या दोन झाडांमध्ये दोऱ्या बांधतो आणि कपडे चिमट्याने लावतो, मापाने. सोळा-अठरा-वीस नंबर एकेका दोरीवर. दोरीवर लावलेला कपडा बाई उलटसुलट करून बघते, शिवण ओढून बघते, नाक मुरडते. नाक मुरडता यायला हवं, त्याशिवाय ती निवड कसली?

चुकाही भरपूर केल्या. एका पावसाळ्यात सगळा माल माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवला आणि बक्कळ डांबराच्या गोळ्या टाकल्या. गणपतीच्या तोंडावर उघडलं तर निम्म्या कपड्यांवर बुरशी आणि उरलेल्यांना तो वास. गावात आरोग्याचं बघणाऱ्या आशाताई ओरडल्याच. काही बाळांच्या रक्तात जन्मजात जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची कमतरता असते, त्यांना या गोळ्यांच्या कपड्यांनी रक्त मोडून कावीळ होऊ शकते. आता वेखंडाची पुरचुंडी, आणि पावसाळ्यात साठवणच नाही. आपल्या हवेत कपडा साठवायचा नाही, फिरवायचा.

आणि एक प्रसंग. वर्गात एका मुलाने ओरडून सांगितलं, "हा माझा जुना शर्ट आहे!" ज्याच्या अंगावर तो शर्ट होता, त्याने तो परत कधी घातला नाही. तेव्हापासून गुहागरचे कपडे वेळणेश्वर-हेदवीकडे जातात, तिकडचे इकडे येतात. फाटके असतात ते बचत गटाच्या बायका वाकळींना नेतात.

'संस्था नोंदवा', असं प्रत्येक जण सांगतो. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात, पुढे धर्मादाय कार्यालय, दरवर्षी ऑडिट. देणगीदाराला आयकरात सवलत देणारं प्रमाणपत्र मिळालं तरी ती सवलत पैशाच्या देणगीवर असते, कपड्यांवर नाही. ज्या दिवशी एक रुपया गोळा करू त्या दिवशी नोंदवू. तूर्तास दोनशे पानी वही पुरते.

गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनो, पिशव्या आणाल तर धुतलेले, खडखडीत वाळलेले आणा. बटणं ओढून बघा, सुटं बटण बाळाच्या तोंडात जातं. टोपीच्या नाड्या काढून टाका. डांबराच्या गोळ्या नकोत. आणि जाताना दोरीवरचं एक काहीतरी काढून न्या, लाजू नका.

काळं झबलं मात्र यंदा मागू नका. ते पालशेतला गेलंय, तिथे जुळी आहेत, आणि दुसऱ्या झबल्यासाठी माझी शोधाशोध चालू आहे.