‘अ वंडरफुल थ्री डेज’ यात चूक काहीच नाही

माझी भाची नववीत आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती आई-बाबांबरोबर गुहागरला जाऊन आली आणि शाळा सुरू झाल्यावर तिने त्यावर इंग्रजीत निबंध लिहिला. पहिलंच वाक्य होतं, ‘वी स्पेंट अ वंडरफुल थ्री डेज ॲट गुहागर.’ क्लासच्या बाईंनी ‘अ’वर लाल काट मारली, ‘थ्री वंडरफुल डेज’ अशी दुरुस्ती केली आणि समासात लिहिलं, ‘अनेकवचनाआधी अ येत नाही.’ भाचीने कारण विचारलं तेव्हा बाईंनी तिला व्हॉट्सॲपवरचा एक मजकूर दाखवला. तोच मजकूर मला तीन ग्रुपवर आलाय. ‘वेळेबद्दल इंग्रजीत बोलताना आपण करतो त्या पाच चुका’ असं त्याचं नाव. भाषांतर हे माझं रोजचं काम आहे. त्या पाचांपैकी साडेचार मुद्दे चुकीचे आहेत आणि मुलांचे मार्क त्यावर जातायत, म्हणून हे लिहितेय.

पहिला मुद्दा असा: ‘अ’ म्हणजे एक, ‘टू अवर्स’ म्हणजे दोन, म्हणून ‘अ गुड टू अवर्स’ चूक.

ऐकायला पटतं. पण मग ‘अ फ्यू डेज’चं काय करायचं? ‘अ हंड्रेड इयर्स’चं? ‘अनदर टेन मिनिट्स’ तर आपण दिवसातून चारदा म्हणतो. ‘अनदर’ म्हणजे ‘ॲन’ आणि ‘अदर’ एकत्र जोडून झालेला शब्द. म्हणजे दहा मिनिटांच्या आधी तिथेही तोच ‘एक’ बसलाय आणि कोणाला खटकत नाही. ‘एव्हरी टू वीक्स’मध्ये ‘एव्हरी’ एकवचनी, ‘वीक्स’ अनेकवचनी. तेही चालतंच.

याचं कारण साधं आहे. इंग्रजीत काळाचा सलग पट्टा पुष्कळदा एकच वस्तू समजला जातो. दोन तास म्हणजे सुटे दोन नग नाहीत, एक अख्खा तुकडा. हे आजकालचं सैल इंग्रजीही नाही. बायबलच्या १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरात, उत्पत्तीच्या ३१व्या अध्यायात, याकोब सासऱ्याला, म्हणजे लाबानाला, सुनावतो: ‘धिस ट्वेंटी इयर्स हॅव आय बीन विथ दी.’ ‘धीज’ नाही, ‘धिस’. वर्षं वीस, पण भोगलेली मुदत एक. ‘फोर्टनाइट’ हा शब्दही मुळात ‘चौदा रात्री’ असाच आहे. चौदा रात्रींचं एक गाठोडं झालं आणि त्याला बिनदिक्कत ‘अ’ लागला. आपल्याकडे पंधरा दिवसांचा ‘पंधरवडा’ झाला, तसंच.

यात एक अट मात्र आहे आणि ती त्या मजकुरात कुठेच नाही. नुसतं ‘अ टू अवर्स’ चालत नाही. मध्ये विशेषण हवंच: ‘अ गुड टू अवर्स’, ‘अ मिअर टेन मिनिट्स’, ‘अ बिझी थ्री वीक्स’. विशेषण काढलं की ‘अ’ही जातो. आणि विशेषण अख्ख्या गाठोड्याला लागू पडणारं हवं. म्हणून ‘अ ग्रीन फाइव्ह मँगोज’ कानाला टोचतं. हिरवेपणा एकेका आंब्याचा असतो, पाचांच्या बेरजेचा नसतो. भाषाशास्त्रज्ञ या रचनेचा वेगळा अभ्यास करतात. आर्टिकल, ॲडजेक्टिव्ह, न्यूमरल, नाउन या चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला नावही मिळालंय. ज्या रचनेला स्वतःचे नियम आहेत, तिला चूक कसं म्हणायचं?

दुसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. ‘अ गुड टू अवर्स आणि टू गुड अवर्स, अर्थ एकच. मग सोपं तेच लिहा.’

अर्थ एक नाही. आणि हे कळायला मराठी माणसाला इंग्रजी व्याकरणाची गरजच नाही, कारण हाच फरक आपण रोज करतो. ‘तहसील कचेरीत चांगले दोन तास बसलो’ म्हटलं तर तिथे मजा आली असं कोणी समजत नाही. पुरते दोन तास गेले, कदाचित थोडे जास्तच, असं समजतो. ‘दोन तास चांगले गेले’ म्हटलं की गप्पा रंगल्या होत्या. शब्द तेच, जागा बदलली आणि अर्थ फिरला. ‘अ गुड टू अवर्स’ म्हणजे आपले ‘चांगले दोन तास’, आणि ‘टू गुड अवर्स’ म्हणजे बरे गेलेले दोन तास. ‘तब्बल तीन आठवडे’, ‘अवघी दहा मिनिटं’, ‘उणीपुरी दोन वर्षं’ हे सगळे शब्द मराठीत आकड्याच्या आधीच येतात. इंग्रजीतली ही जागा आपल्या कानाला मुळात ओळखीची आहे. ती चूक म्हणून पुसायला लावणं म्हणजे मुलांना आयतं असलेलं कसब काढून घेणं.

आता भाचीचं वाक्य. तिने सांगितलं की गुहागरला मधला दिवस अख्खा पावसात गेला. समुद्रावर पाऊलही टाकता आलं नाही, खोलीत पत्ते खेळत बसले. ‘थ्री वंडरफुल डेज’ लिहिलं की तिन्ही दिवस, एकेक, सुंदर होते असा सूर येतो. तिला तसं म्हणायचंच नव्हतं. तिला म्हणायचं होतं, मधल्या पावसासकट ती सहल सुंदर होती. ‘अ वंडरफुल थ्री डेज’ नेमकं तेच सांगतं. चौदा वर्षांच्या मुलीने अचूक शब्दरचना निवडली आणि ती लाल शाईने खोडली गेली.

तिसरा मुद्दा: आकडा एकापेक्षा मोठा की ‘आर’च हवं, ‘टेन मिनिट्स आर इनफ’. इंग्रजी बोलणारे सहसा ‘टेन मिनिट्स इज इनफ’ म्हणतात, कारण इथेही तोच एक तुकडा आहे. वर्षं एकेक करून सरताना दिसली की अनेकवचन परत येतं: ‘टू इयर्स हॅव पास्ड’. मराठीत दोन्हीकडे अनेकवचनच असतं, ‘दहा मिनिटं पुरेत’, म्हणून आपली जीभ ‘आर’कडे ओढली जाते. खरी अडचण ‘दीड’ची आहे आणि ती त्या मजकुरात नाहीच. ‘दीड तास झाला’ हे मराठीत एकवचन, म्हणून आपण ‘वन अँड अ हाफ अवर’ म्हणून जातो. इंग्रजीत तिथे ‘अवर्स’ लागतं, नाहीतर सरळ ‘ॲन अवर अँड अ हाफ’ म्हणावं.

चौथा मुद्दा: ‘अ टेन-इयर-ओल्ड बॉय’ चूक, दहा म्हटल्यावर ‘इयर्स’ हवं. नाही. ‘द बॉय इज टेन इयर्स ओल्ड’ इथे हवं, पण तेच नामाच्या आधी विशेषण म्हणून आलं की ‘एस’ गळतो: ‘टू-अवर डिले’, ‘थ्री-डे ट्रिप’. जुन्या इंग्रजीत अशा जागी षष्ठी अनेकवचनाचा प्रत्यय असे, आपल्या ‘दहा वर्षांचा’सारखा. तो झिजून गेला आणि उरलेलं रूप एकवचनासारखं दिसू लागलं. ‘टेन-फूट पोल’ त्याच वाटेने आलं. षष्ठी दाखवायचीच असेल तर दुसरी सोय आहे, ‘टू वीक्स नोटिस’. तिथे ‘वीक्स’च्या ‘एस’नंतर वरचा स्वल्पविराम येतो आणि आधी ‘अ’ येत नाही. राजीनामा लिहिताना हे उपयोगी पडतं.

पाचवा मुद्दा अर्धा बरोबर आहे. ‘टुडे मॉर्निंग’ऐवजी ‘धिस मॉर्निंग’ म्हणा, हे योग्य. पण पुढे ‘त्याच नियमाने आज रात्री म्हणजे धिस नाइट’ असं लिहिलंय. त्याला ‘टुनाइट’ हा शब्द आहे. आणि काल रात्रीला ‘लास्ट नाइट’, जरी काल सकाळला ‘यस्टरडे मॉर्निंग’ असलं तरी.

भाचीच्या वहीत तो ‘अ’ मी पेन्सिलीने परत लिहिलाय. समासात बाईंसाठी दोनच उदाहरणं दिली आहेत, ‘अ फ्यू डेज’ आणि ‘अनदर थ्री डेज’. सोमवारी ती वही घेऊन क्लासला जाईल.