येताना घाट लागतो

मुलीने न्यूयॉर्कची तिकिटे पाठवली, त्याच संध्याकाळी पंचवटीतले मामा ती तपासायला आले. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून आयुष्य गेल्यामुळे, कागदावर दोन वेळा छापलेल्या दिसल्या की त्यांची वजाबाकी केल्याशिवाय मामांना चहा गोड लागत नाही. जाताना मुंबईहून विमान रात्री दीडला सुटून त्याच दिवशी सकाळी साडेसातला पोचणार होते, तर परतीचे सकाळी अकराला निघून दुसऱ्या दिवशी साडेदहाला मुंबईत उतरणार होते.

"जाताना सहा तास, येताना साडेतेवीस," मामांनी निकाल दिला. "बरोबर आहे. येताना घाट लागत असणार."

उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, म्हणून जातानाच्या सहांत ते मिळवायचे आणि येतानाच्या साडेतेविसांतून वजा करायचे, हे पटवण्यात चहाचे दोन कप संपले. साडेपंधरा आणि चौदा अशी उत्तरे आली, तरी दीड तासाची तफावत उरलीच. मी सांगितले की, त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते जाताना विमानाच्या तोंडावर येतात आणि येताना पाठीशी असतात.

"म्हणजे घाट आहेच," मामा समाधानाने म्हणाले, "फक्त जाताना आहे."

अंतराचा प्रश्न मात्र इतक्या सहजी सुटला नाही. भिंतीवरच्या नकाशावर मामांनी अरबस्तान आणि अटलांटिकवरून सरळ पट्टी टेकवली, तेव्हा मी माळ्यावरून मुलीचा शाळेतला पृथ्वीगोल काढला आणि बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा मुंबई व न्यूयॉर्कवर बोटांनी दाबून ताणला. दोरा आपणहून वर सरकून रशिया, ग्रीनलँड असा उत्तरेकडून गेला.

"हा वळसा कुणी मंजूर केला?" मामांनी विचारले.

गोलावर ताणलेला दोरा जिथून जातो तीच सर्वांत जवळची वाट असते, हे त्यांनी स्वतः तीनदा दोरा ताणून, दोनदा बोट सटकून, अखेर मान्य केले. गोलाचा घेर 94 सेंटीमीटर भरला आणि पृथ्वीचा सुमारे 40,000 किलोमीटर. म्हणजे सेंटीमीटरला सव्वाचारशे किलोमीटर. दोरा साडेएकोणतीस सेंटीमीटर भरला, तेव्हा मामांनी वहीत 'अंदाजे 12,500 कि.मी.' असे लिहून खाली सही केली. सही कशासाठी, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

मग त्यांनी गोल जवळ ओढून नाशिक ते मुंबई मोजले. रस्त्याने 170 किलोमीटर धरून ते अंतर 4 मिलिमीटर भरत होते, आणि रात्री दीडच्या विमानासाठी दुपारी दोनलाच घर सोडण्याचा माझा बेत ऐकून ते पोट धरून हसले.

प्रवासाच्या दिवशी नाशकातल्याच द्वारका चौकात अर्धा तास गेला, कसाऱ्याच्या घाटात एक ट्रक बंद पडला होता आणि भिवंडीच्या बायपासवर आमची गाडी इतका वेळ एका जागी उभी राहिली की शेजारच्या टेम्पोवाल्याने आम्हाला भेळ देऊ केली. विमानतळावर साडेआठला पोचलो. मामांना फोन करून कळवले की, चार मिलिमीटरला साडेसहा तास लागले.

"वहीत लिहितो," ते म्हणाले.