अमेरिकेनं मुलांचं मरण पचवलं, हे खरं नाही

अमेरिकेत कुठे बेछूट गोळीबार झाला की दुसऱ्या दिवशी एक वाक्य हमखास फिरायला लागतं. ब्रिटिश स्तंभलेखक डॅन हॉजेस यांनी जून २०१५ मध्ये ते ट्विटरवर लिहिलं होतं. आशय असा: बंदूक नियंत्रणाचा अमेरिकेतला वाद सँडी हूक शाळेतल्या गोळीबारानंतरच संपला; मुलांचे बळी सोसता येतात असं अमेरिकेनं एकदा ठरवल्यावर बोलण्यासारखं काही उरलंच नाही. आता त्याचे मराठी अवतारही व्हॉट्सअॅपवर येतात. सोबत पुरवणी असते: तिथल्या लोकांनाच बंदुका हव्यात, चार दिवस रडतात आणि विसरतात, त्यानंतर काहीच झालं नाही, बंदुकांवरचे कडक नियम ऑस्ट्रेलियाला बारा दिवसांत जमले ते यांना जमत नाहीत.

या वाक्यामागचा संताप माझाही आहे. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटमधल्या न्यूटाउन गावात, सँडी हूक शाळेत सहा-सात वर्षांची २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. त्यानंतरही वॉशिंग्टनमध्ये कायदा झाला नाही, हे आठवलं की आजही राग येतो. पण रागाच्या भरात लिहिलेलं हे वाक्य दोष भलत्याच माणसांच्या माथी मारतं, आणि ज्यांनी खरोखर कायदा अडवला ते नामानिराळे राहतात. म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

पहिला दावा: ‘अमेरिकेनं ठरवलं.’ कोणी ठरवलं ते तारखेसकट सांगता येतं. १७ एप्रिल २०१३ रोजी सिनेटमध्ये मतदान झालं. प्रस्ताव होता वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट जो मँचिन आणि पेनसिल्व्हेनियाचे रिपब्लिकन पॅट टूमी यांचा. दोघेही बंदुकांचे समर्थक, नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकसमर्थक संघटनेच्या प्रगतिपुस्तकात दोघांनाही वरची श्रेणी. कुणाची बंदूक काढून घ्या असं त्यात कुठेही नव्हतं. बंदुकांच्या प्रदर्शनात किंवा इंटरनेटवरच्या जाहिरातीतून विक्री झाली, तरी दुकानातल्यासारखी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासली जावी, एवढीच मागणी. त्या काळात एकामागून एक जनमत चाचण्यांत दहातले जवळपास नऊ लोक अशा तपासणीच्या बाजूने होते. प्रस्तावाला मतं मिळाली ५४, विरोधात ४६. तरीही तो पडला, कारण विरोधकांनी अडवून धरलेला प्रस्ताव पुढे न्यायला १०० पैकी ६० मतं लागत होती.

शंभरांपैकी ५४ ‘हो’ म्हणाले आणि उत्तर ‘नाही’ आलं. त्यात सिनेटची रचना अशी की सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगचे सदस्य दोन आणि सुमारे चार कोटींच्या कॅलिफोर्नियाचेही दोनच. निकाल वाचला गेला तेव्हा प्रेक्षक सज्जातून ‘शेम ऑन यू’ अशी आरोळी आली. ती देणाऱ्यांत २०११ च्या टूसॉन गोळीबारातून वाचलेली एक स्त्री होती. ती अमेरिका नव्हती का? मुलं गमावलेले जे आईबाप त्या आठवड्यांत एकेका सिनेटरच्या दारात उभे राहिले, त्यांनी काय सोसायचं ठरवलं होतं? ‘अमेरिकेनं ठरवलं’ म्हटलं की ते ४६ जण गर्दीत दिसेनासे होतात. त्यांना यापेक्षा सोयीचं वाक्य सापडणार नाही.

दुसरा दावा: लोक चार दिवसांत विसरतात. यात तथ्य आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. गॅलप ही संस्था अनेक वर्षं विचारत आली आहे की बंदूकविक्रीचे कायदे अधिक कडक हवेत का. २०११ च्या सुमारास ‘हो’ म्हणणारे ४४ टक्क्यांच्या आसपास होते. सँडी हूकनंतर ते ५८ झाले आणि २०१४ मध्ये ४७ वर उतरले. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी १७ जण मारले गेले, त्यानंतर आकडा ६७ वर गेला. मे २०२२ मध्ये टेक्सासच्या युवाल्डीत १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, तेव्हा ६६. पुढे तो ५६-५७ वर आला. म्हणजे लाट येते आणि ओसरते, हे खरंच.

पण ओसरून कुठे थांबते ते पाहा. आताचा ओहोटीचा आकडा सँडी हूकनंतरच्या भरतीच्या जवळपास आहे. सगळं चित्र काही चढतंच नाही; १९९० मध्ये हाच आकडा ७८ होता, नंतर गुन्हेगारी कमी होत गेली तसा तोही दोन दशकं घसरला. मात्र लोक विसरले असते तर तो पुन्हा ४४ वर जायला हवा होता. तसं झालेलं नाही.

शिवाय हा प्रश्न फार मोघम आहे. पार्श्वभूमी तपासणीला मिळणारा पाठिंबा घटना घडो न घडो, मोठ्या बहुमताचाच राहतो, आणि त्यात बंदूकमालकही बहुसंख्येनं असतात. उलट पिस्तुलांवर सरसकट बंदी घाला असं विचारलं तर जेमतेम चौघांतला एक हो म्हणतो. आपल्याकडच्या चर्चेत हे दोन प्रश्न सर्रास एकमेकांत मिसळतात. ‘बंदी नको’ म्हणणाऱ्या माणसाला आपण ‘काहीच नको’ म्हणणाऱ्यांत ढकलतो. अमेरिकेतल्या साधारण एक तृतीयांश प्रौढांकडे स्वतःची बंदूक आहे. ती ठेवून, ती चुकीच्या हातात जाऊ नये असं त्यांतल्या बहुतेकांना वाटतं. यात मला कसलाही विरोधाभास दिसत नाही.

मग एवढा पाठिंबा असून कायदे का होत नाहीत? पाठिंबा सांगणं आणि त्यावर मत देणं, यांत मोठं अंतर आहे. विरोध करणारा मतदार याच एका प्रश्नावर उमेदवार पाडतो. पाठिंबा देणारा महागाई, आरोग्य, शाळा असं सगळं पाहून मत देतो. आमदाराला पहिल्याची भीती जास्त वाटते. कोलोरॅडोनं मार्च २०१३ मध्ये मॅगझिनमधल्या, म्हणजे बंदुकीला जोडायच्या पेटीतल्या, गोळ्यांवर १५ ची मर्यादा घातली आणि खासगी विक्रीलाही तपासणी लावली. सप्टेंबरमध्ये दोन राज्य सिनेटरांना, त्यात खुद्द राज्य सिनेटचे अध्यक्ष, मुदतीआधीच परत बोलावण्याच्या मतदानात पद गमवावं लागलं. हा किस्सा देशभरच्या लोकप्रतिनिधींना पाठ आहे. पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही: २०१४ मध्ये त्या दोन्ही जागा पुन्हा त्यांच्याच पक्षाकडे आल्या आणि मॅगझिनची मर्यादाही टिकली.

तिसरा दावा: ‘त्यानंतर काहीच झालं नाही.’ हा सगळ्यांत चुकीचा. सगळ्यांचे डोळे वॉशिंग्टनकडे लागलेले असतात, आणि अमेरिकेतले बंदुकांचे बहुतेक कायदे राज्यांत होतात. सँडी हूकनंतर महिन्याभरात न्यूयॉर्कनं, चार महिन्यांच्या आत खुद्द कनेक्टिकटनं, मग मेरीलँडनं कडक कायदे केले. पार्कलंडनंतर वाचलेली शाळकरी मुलं बसेस भरून फ्लोरिडाची राजधानी टालाहासीला गेली. तिथे विधिमंडळ रिपब्लिकन, गव्हर्नर रिक स्कॉट रिपब्लिकन. तरीही गोळीबाराला महिना व्हायच्या आत, ९ मार्च २०१८ रोजी स्कॉट यांनी सही केली: बंदूक खरेदीचं वय २१, खरेदी आणि ताबा यांत तीन दिवसांचं अंतर, आणि धोकादायक वागणाऱ्या माणसाकडून न्यायालयाच्या आदेशानं काही काळ शस्त्रं काढून घेण्याची सोय, ज्याला तिकडे रेड फ्लॅग कायदा म्हणतात. पार्कलंडपूर्वी असा कायदा पाच राज्यांत होता. आज वीसहून अधिक राज्यांत आहे.

मिशिगनमध्ये २०२१ साली ऑक्सफर्डच्या शाळेत चार विद्यार्थी गेले आणि विधिमंडळातल्या रिपब्लिकन बहुमतानं हालचाल केली नाही. २०२२ च्या निवडणुकीत मतदारांनी विधिमंडळ बदललं, आणि २०२३ च्या वसंतात तपासणी, घरातली शस्त्रं कुलपात ठेवणं आणि रेड फ्लॅग हे तिन्ही कायदे झाले. युवाल्डीनंतर २५ जून २०२२ रोजी तर संघराज्य पातळीवरही कायदा झाला, सिनेटमध्ये ६५ विरुद्ध ३३ मतांनी, १५ रिपब्लिकन सदस्यांसह. २१ वर्षांखालच्या खरेदीदाराची जादा तपासणी त्यात आहे. पुरेसा नाही, मान्य. पण ‘काहीच नाही’ नक्कीच नाही.

आपल्याशी थेट जोडलेलं एक उदाहरण याही आधीचं आहे. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले. त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती. मारेकऱ्याला न्यायालयानं मानसोपचार घ्यायला सांगितलं होतं, पण ती नोंद तपासणीच्या यादीत पोहोचलीच नव्हती, म्हणून त्याला दुकानात बंदुका मिळाल्या. जानेवारी २००८ मध्ये अध्यक्ष बुश यांच्या सहीनं झालेला कायदा राज्यांनी अशा नोंदी पाठवाव्यात यासाठीच होता.

आणि ‘काही झालं नाही’ हे उलट्या दिशेनंही खोटं आहे, हे जास्त गंभीर. लुका, मल्होत्रा आणि पॉलिक्विन या अभ्यासकांनी २०२० मध्ये दाखवलं की सामूहिक गोळीबारानंतर त्या राज्यात बंदुकांविषयीची विधेयकं सुमारे १५ टक्क्यांनी वाढतात. पण विधिमंडळ रिपब्लिकन असेल तर बंदुकांचे नियम सैल करणारे कायदे सुमारे ७५ टक्क्यांनी वाढतात. टेनेसीत मार्च २०२३ मध्ये नॅशव्हिलच्या शाळेत तीन मुलं आणि तीन मोठी माणसं मारली गेली. पालक विधानभवनात ठाण मांडून बसले, खास अधिवेशन भरलं, रेड फ्लॅग कायदा झाला नाही. पुढच्या वर्षी झाला तो शिक्षकांना शाळेत बंदूक बाळगू देणारा कायदा. परवान्याशिवाय पिस्तूल घेऊन फिरता येईल अशी राज्यं आता २९ आहेत. वाद संपला म्हणून घरी बसणारे एकाच बाजूचे असतात. दुसरी बाजू दर अधिवेशनात हजर असते.

ऑस्ट्रेलियाचं थोडक्यात. पोर्ट आर्थरमध्ये एप्रिल १९९६ अखेर ३५ जण मारले गेले आणि बारा दिवसांत तेव्हाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी राज्यांना बंदूक नियंत्रणाच्या करारावर आणलं, हे खरं. पण तिथे राज्यघटनेत शस्त्राचा हक्क नाही. अमेरिकेत २००८ पासून सर्वोच्च न्यायालय तो व्यक्तीचा हक्क मानतं आणि २०२२ मध्ये त्यानं नव्या कायद्यांची कसोटी आणखी अवघड केली. ऑस्ट्रेलियानं सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेतल्या. अमेरिकेत नागरिकांकडे २०१७ च्या अंदाजानुसार ३९ कोटींहून जास्त आहेत. ही तुलना करून तिथल्या आईबापांना इच्छाशक्तीवर प्रवचन देणं मला अन्यायाचं वाटतं.

राहिला शेवटचा शब्द: ‘संपलं’. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर ३० मार्च १९८१ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात त्यांचे प्रसिद्धीप्रमुख जेम्स ब्रेडी कायमचे अपंग झाले. त्यांच्या नावाचा पार्श्वभूमी तपासणीचा कायदा झाला नोव्हेंबर १९९३ मध्ये. मध्ये बारा वर्षं गेली; त्यांतली अनेक वर्षं त्यांच्या पत्नी सारा ब्रेडी लढत होत्या. १९८५ मध्ये कुणी ‘वाद संपला’ म्हटलं असतं तर त्या दिवशी ते पटलंही असतं.

मेन हे तर शिकारीचं राज्य. २०१६ मध्ये तिथे पार्श्वभूमी तपासणीचा प्रश्न थेट मतदारांपुढे गेला आणि सुमारे ५२ टक्क्यांनी तो फेटाळला. ऑक्टोबर २०२३ मध्ये लुइस्टनला एका माथेफिरूनं १८ जणांना मारलं. त्याच्या लष्करी तुकडीतल्या सहकाऱ्यांनी धोक्याची सूचना आधीच दिली होती. दुसऱ्याच दिवशी त्याच गावचे खासदार जेरेड गोल्डन, जे तोवर लष्करी धाटणीच्या रायफलींवरच्या बंदीला विरोध करत होते, त्यांनी जाहीरपणे भूमिका बदलली आणि पीडितांची क्षमा मागितली. विधिमंडळानं २०२४ मध्ये खरेदीला ७२ तासांची प्रतीक्षा लावली, पण रेड फ्लॅग कायदा टाळला. मग नागरिकांनी सह्या गोळा करून तो मतपत्रिकेवर आणला. नोव्हेंबर २०२५ मध्ये मेनच्या मतदारांनी तो स्पष्ट बहुमतानं मंजूर केला.